पिरुएटमध्ये तोल जातोय? आधी न फिरता उभं राहून बघा

पिरुएटमध्ये, म्हणजे बॅलेतल्या एका पायावरच्या गिरकीत, तोल गेला की बहुतेक जण पुढच्या वेळी अजून जोर लावतात, आणि तिथेच सगळं बिघडतं कारण एका गिरकीला जोर फारसा लागतच नाही, अंग एका सरळ रेषेत लागतं.

म्हणून आधी न फिरता करा, चौथ्या पोझिशनमधून (एक पाय पुढे, एक मागे) प्लिए (गुडघे वाकवणं), मग थेट रेलेव्हे (टाच उचलून चवड्यावर उभं राहणं), दुसऱ्या पायाची बोटं उभ्या पायाच्या गुडघ्याशी आणि तिथेच दोन-चार सेकंद थांबायचं. हे डळमळत असेल तर फिरायची घाई नको. जमलं की पाव गिरकी, अर्धी, मग पूर्ण. उभ्या पायाचा गुडघा ताणलेला ठेवा, वजन चवड्याच्या मधोमध, करंगळीकडे सरकलं की घोटा वाकलाच म्हणून समजा.

हात मागे नेऊन झोका घेऊ नका, दोन्ही पटकन पुढे गोल मिटा.

आणि स्पॉटिंग! डोळ्यांच्या उंचीवर एक ठिपका पकडा, डोकं सगळ्यात शेवटी निघतं आणि सगळ्यात आधी परत पोचतं. (कथ्थकवाल्यांना हे लवकर जमतं, चक्करमध्ये नजर अशीच धरतात, फक्त तिथे टाचेवर फिरतात.) एक गिरकी स्वच्छ थांबत नसेल तर डबलच्या नादी लागू नका.