पहिला पगार आणि फसलेले अंदाजपत्रक : या चुका टाळा

इंदुरात विजय नगरच्या बाजूला नोकरीस लागलेली आमच्या नात्यातली मुले दिवाळीच्या सुमारास रामबागेत माझ्याकडे हिशेब घेऊन येतात. माझा जन्म खतावण्या तपासण्यात गेल्यामुळे मला नाही म्हणता येत नाही. मुले दरवर्षी नवी असतात, पण चुका मात्र त्याच.

नेमणूकपत्रावरचा वार्षिक आकडा बाराने भागून त्याला पगार समजू नये. त्यात कंपनीने भरायचा भविष्यनिर्वाह निधी आणि बहुधा ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळायची रक्कमही धरलेली असते, शिवाय तुमच्या वाट्याचा पीएफ आणि व्यवसाय कर आधीच कापला जातो. वहीत खात्यावर जमा झालेली रक्कमच लिहावी.

क्रेडिट कार्डाच्या बिलावरची ‘मिनिमम ड्यू’ ही ओळ मात्र मला सर्वांत जास्त छळते. माझा भाचा मोठ्या अभिमानाने म्हणाला, “मामा, मी एकही हप्ता चुकवलेला नाही, आणि पन्नास हजारांची एफडीही केली आहे.” बिल पाहिले, तर चाळीस हजार थकलेले, आणि हा दरमहा किमान रक्कम, म्हणजे सुमारे २,००० रुपये, भरून निश्चिंत! त्याच्या कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज होते. मी बिलाच्याच पाठीवर मांडून दाखवले : चाळीस हजारांवर एका महिन्याचे ढोबळ व्याज १,४०० रुपये, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी २५२ रुपये, म्हणजे भरलेल्या दोन हजारांतून मुद्दलात गेले अवघे ३४८. त्यातच बाकी थकलेली असताना केलेल्या नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे सकाळच्या पोहे-जिलबीवरही त्याच दिवसापासून व्याज चढत होते. वर्षाला ४२ टक्के देऊन सात टक्क्यांची ठेव सांभाळणाऱ्या या शहाण्याला मी दुसऱ्या दिवशी ती मोडायला लावली, आणि कार्डाचे पूर्ण बिल दरमहा आपोआप वळते होईल अशी सूचना बँकेला देववली. ठेव मोडताना त्याचा चेहरा असा झाला होता, की जणू मी घरातले सोनेच विकायला काढले होते.

आणखी एक चूक वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांची. दुचाकीचा विमा, गणपती, दिवाळी, पुण्याच्या लग्नाची तिकिटे आणि आहेर यांना ही मुले ‘अचानक आलेला खर्च’ म्हणतात. गणपती अचानक येतो का? माझी सवय अशी, की गेल्या वर्षीचे असे सगळे खर्च बँकेच्या नोंदींतून शोधून त्यांची बेरीज करायची, तिला बाराने भागायचे आणि ती रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात टाकायची. बेरीज चोवीस हजार आली, तर दरमहा दोन हजार, आणि त्या खात्याचे यूपीआय फोनवर ठेवायचेच नाही.

सराफ्यातले खाणे एकदम बंद करणे हीही चूकच. रात्री सोन्याची दुकाने मिटल्यावर मित्रांबरोबर भुट्ट्याचा कीस खायला जाणारच असाल, तर त्याचा रकाना ठेवा. नाहीतर तो खर्च ‘इतर’मध्ये लपतो, आणि ज्या वहीत ‘इतर’ हा सर्वांत मोठा आकडा असतो ती मी तपासायलाही घेत नाही. गंमत म्हणजे ताटातले कमी करणारे हेच वीर नव्या फोनचा हप्ता मात्र अत्यावश्यक मानतात.

खोलीचे भाडे चौघांत असेल, तर मित्रांच्या वाट्याचे येणे हाती पडेपर्यंत आपले समजू नये.

हिशेबाची ॲप वापरायला माझी हरकत नाही, परंतु आठवड्यात तीन ॲप बदलणाऱ्या उतावळ्यांकडून आजवर एकही पूर्ण महिना लिहून झालेला मी पाहिलेला नाही. मी त्यांना साधी चाळीस पानी वही देतो आणि झोपण्यापूर्वी दिवसाचा खर्च हाताने लिहायला सांगतो. पहिले तीन महिने कोठेही कपात करायची नाही, फक्त लिहायचे. बहुतेकांची वही पाचव्या दिवशी थांबते. तसे झाले तर राहिलेले दिवस आठवून भरत बसू नये, त्या दिवसापासून पुढे लिहावे.