हिऱ्याची शुद्धता भिंगाखाली कशी तपासावी

हिरा म्हणजे कार्बन, पण निव्वळ कार्बन असलेला हिरा फार दुर्मिळ. बहुतेक नैसर्गिक हिऱ्यांत नायट्रोजन शिरलेला असतो आणि पिवळसर झाक सहसा त्याचीच असते. नायट्रोजन जवळजवळ नसलेले हिरे टाइप २ए, जसे कोहिनूर आणि कलिनन. बोरॉन असलेले टाइप २बी. निळा होप हिरा त्यातला, आणि त्यातून वीजही वाहते. ही रासायनिक शुद्धता भिंगाला दिसत नाही, तिला प्रयोगशाळेतला इन्फ्रारेड वर्णपटच लागतो. भिंगातून कळते ती क्लॅरिटी, म्हणजे हिऱ्यात डाग-चिरा किती आहेत ते.

हिऱ्याला तेलकटपणा पटकन चिकटतो, म्हणून आधी कोमट साबणपाण्याने धुऊन घ्या. सुटा हिरा चिमट्याने कडेला धरा. दहापट भिंग डोळ्याला लावा, हिरा भिंगापासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर ठेवा, उजेड बाजूने आणि मागे काळा कागद. आधी वरचा सपाट पैलू बघा, मग उलटा करून खालून. टोकाजवळचा एकच डाग पैलूंत परावर्तित होऊन पाच-सहा दिसतो. घाईत तिथेच गफलत होते. पुसल्यावर गेला तर ती धूळ. क्लॅरिटीच्या प्रती अशा: डाग कसलेल्या नजरेलाही मुश्किलीने सापडतो तो हिरा व्हीव्हीएस (अत्यंत सूक्ष्म डागांचा), भिंगात सहज दिसतो तो एसआय (किंचित डागांचा), नुसत्या डोळ्यांना दिसू लागला की आय (डागाळलेला).

हिऱ्यासारखे दिसणारे दुसरे खडेही असतात. त्यातले मॉइसनाइट हे सिलिकॉन कार्बाइड. उष्णता तपासणारा पेन त्याला हिराच ठरवतो, त्यामुळे केवळ पेनवर विसंबू नका. हिरा तिरका करून कडेच्या पैलूंतून समोरच्या कडा बघा: मॉइसनाइटमध्ये त्या दुहेरी दिसतात. सरळ वरून पाहिल्यास हा दुहेरीपणा बहुधा लपतो. झिरकोनिया हा दुसरा नकली खडा वजनात पकडा. साडेसहा मिलिमीटरचा गोल हिरा साधारण एक कॅरट, म्हणजे २०० मिलिग्रॅम भरतो. तेवढाच झिरकोनिया दीडपटीहून जड.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिराही कार्बनच, त्यामुळे तो खात्रीने ओळखणे भिंगाचे काम नाही. प्रमाणपत्र मागा आणि हिऱ्याच्या कडेवर क्रमांक कोरलेला असेल तर तो भिंगाने जुळवून घ्या.

हिरा हलवताना चिरेत नारिंगी किंवा जांभळी-निळी चमक सरकली, तर तिथे काच भरलेली असू शकते. असा हिरा असलेली अंगठी दुरुस्तीला देताना सोनाराला आधीच सांगा. झाळकामाच्या आचेने ती काच वितळते आणि चीर पुन्हा उघडी पडते.