रिसेप्शनवरच्या सॉफ्टवेअरमधली मेमरी लीक कशी पकडावी

कळंगुट-बागा पट्ट्यातल्या हॉटेलांत रिसेप्शनचं सॉफ्टवेअर सीझनमध्ये बंद होतच नाही. पावसाळ्यात वीज गेली की पीसी रीस्टार्ट होतो, अडकलेली मेमरी सुटते, त्यामुळे लीक (काम झाल्यावरही प्रोग्रॅमने मेमरी परत न करणं) असली तरी कळत नाही. डिसेंबरात तोच पीसी कित्येक दिवस सलग चालतो आणि ऐन गर्दीत गोठतो. म्हणून चाचणीत प्रोग्रॅम किती मेमरी घेतो हे बघत बसू नका. तेच काम पुन्हा पुन्हा केल्यावर आकडा एका जागी स्थिरावतो का, हे बघा.

टास्क मॅनेजरमध्ये समोर दिसणारा मेमरीचा आकडा यासाठी चालत नाही. रॅमची ओढाताण झाली की विंडोज प्रोग्रॅमची मेमरी डिस्कवर सरकवतं; आकडा उतरतो, लीक तशीच राहते. विंडोजमधलाच पर्फॉर्मन्स मॉनिटर उघडा, ‘प्रोसेस’खाली ‘प्रायव्हेट बाइट्स’ (प्रोग्रॅमने स्वतःसाठी घेतलेली एकूण मेमरी) आणि ‘हँडल काउंट’ (फाइलसारख्या, विंडोजकडून घेऊन उघड्या ठेवलेल्या गोष्टींची संख्या) हे काउंटर लावा. टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’मध्ये ‘जीडीआय ऑब्जेक्ट्स’ (स्क्रीनवर रंगवण्यासाठी घेतलेली चित्रं, फाँट, ब्रश) हा कॉलमही चालू करा.

आता एकच काम निवडा. परदेशी पाहुण्याचं चेक-इन सगळ्यात चांगलं: पासपोर्ट स्कॅन, सरकारला द्यायच्या नोंदीचा फॉर्म, सेव्ह, खिडकी बंद. चित्रं आणि खिडक्या, लीकच्या दोन्ही आवडत्या जागा यात येतात. रिलीज बिल्ड (ग्राहकाला देतो ती आवृत्ती) घ्या आणि डीबगर (चुका शोधायचं साधन) जोडू नका, कारण डीबगखाली ऑब्जेक्ट्स जास्त वेळ जिवंत राहतात. पहिल्या दहा फेऱ्या मोजू नका. फाँट, डेटाबेस कनेक्शन, कॅश (पुन्हा लागेल म्हणून हाताशी ठेवलेला डेटा) यांची भरती तेव्हा होते. मग मुख्य स्क्रीनवर या, दोन मिनिटं थांबा, आकडा टिपा. त्यानंतर दर 50 फेऱ्यांनी याच स्थितीत येऊन टिपत जा. हाताने कंटाळा येतो आणि फेऱ्या सारख्या होत नाहीत. ऑटोइटसारख्या, माउस-कीबोर्डची कामं आपोआप करणाऱ्या साधनाने स्क्रिप्ट लिहा.

समजा प्रायव्हेट बाइट्सचे आकडे 180, 210, 212, 211 एमबी आले. कॅश भरली आणि थांबली, लीक नाही. पण 180, 397, 612, 829 आले तर दर फेरीला सुमारे 4.3 एमबी जातात. हा आकडा नीट बघा: 1,200 × 900 पिक्सेलचं चित्र, प्रत्येक पिक्सेलला 4 बाइट्स, म्हणजे 43,20,000 बाइट्स. पासपोर्टचा स्कॅन सुटत नाहीये, हे कोड न उघडताच समजलं. प्रोग्रॅम 32-बिट असेल तर त्याला साधारण 2 जीबीच मिळतात, म्हणजे साडेचारशे चेक-इनच्या आत तो कोसळणार.

मेमरी फारशी वाढत नाही, पण जीडीआय ऑब्जेक्ट्स फेरीमागे एक-दोनने चढतात, असंही होतं. एका प्रोसेसला त्यांची मर्यादा मूळ सेटिंगमध्ये 10,000 आहे. ती गाठली की बटणं, आयकॉन रंगत नाहीत, खिडक्या अर्धवट दिसतात. डॉटनेटमध्ये ‘गेटएचबिटमॅप’ने घेतलेलं हँडल ‘डिलीटऑब्जेक्ट’ने स्वतः सोडावं लागतं, गार्बेज कलेक्टर (नको असलेली मेमरी आपोआप सोडणारा डॉटनेटचा भाग) ते सोडत नाही. विनफॉर्म्समध्ये (डॉटनेटच्या खिडक्या बनवायच्या साधनात) ‘शोडायलॉग’ने उघडलेला फॉर्म बंद केला तरी डिस्पोज होत नाही, म्हणजे त्याने धरलेलं सोडलं जात नाही, तेही आपणच करायचं.

जागा नेमकी सापडण्यासाठी व्हिज्युअल स्टुडिओत मेमरीचे दोन स्नॅपशॉट (त्या क्षणीच्या नोंदी) घ्या, एक 50 फेऱ्यांच्या आधी, एक नंतर, आणि ऑब्जेक्टची संख्या ताडून बघा. चेक-इनचे फॉर्म 50ने वाढले असतील तर त्यांना कोण धरून आहे ते वर शोधत जा. बहुतेकदा मुख्य खिडकीच्या इव्हेंटला जोडलेला आणि कधीच न काढलेला हँडलर (इव्हेंट घडला की चालणारं फंक्शन) सापडतो. सी++ असेल तर मायक्रोसॉफ्टच्या जीफ्लॅग्ज या साधनाने त्या प्रोग्रॅमसाठी स्टॅक ट्रेस (मेमरी कोडच्या कुठल्या जागेवरून घेतली त्याची नोंद) चालू करून, यूएमडीएच या त्यांच्याच साधनाच्या दोन नोंदींतला फरक काढा. काम झाल्यावर ती सेटिंग बंद करा, नाहीतर प्रोग्रॅम मंदच चालत राहील.

दुरुस्ती झाल्यावर तीच स्क्रिप्ट, तेवढ्याच फेऱ्या, त्याच पीसीवर पुन्हा चालवा. एक लीक बुजली की तिच्याखाली झाकलेली छोटी लीक तेव्हाच दिसते, म्हणून फेरीमागे काही केबींची वाढ उरली असेल तर स्क्रिप्ट रात्रभर चालवून तपासा.