जेनकिन्सच्या बिल्डमध्ये युनिट टेस्ट: टेस्ट पडली की बिल्ड थांबलंच पाहिजे

जेनकिन्स म्हणजे बिल्ड आपोआप चालवणारा सर्व्हर. जावा वेब ॲप्लिकेशनचं बिल्ड मेव्हन या बिल्ड टूलवर असेल तर युनिट टेस्ट, म्हणजे कोडच्या छोट्या भागांच्या चाचण्या, चालवण्याची सोय आधीपासून असते. मेव्हनच्या क्रमात 'टेस्ट' हा टप्पा 'पॅकेज'च्या आधी येतो आणि शुअरफायर प्लगिन तो चालवतं. टेस्ट पडली की वॉर फाइल (सर्व्हरवर चढवायचं पॅकेज) तयारच होत नाही. मेहनत लागते ती टेस्ट न चालताच बिल्ड हिरवं, म्हणजे यशस्वी, होण्याच्या वाटा बुजवायला.

पहिली वाट शुअरफायरच्या आवृत्तीची. २.२२.० पेक्षा जुनं शुअरफायर ज्युनिट ५ या टेस्ट फ्रेमवर्कच्या टेस्ट ओळखत नाही. एकही टेस्ट चालत नाही, तरी बिल्ड यशस्वी म्हणून संपतं. म्हणून पॉम फाइलमध्ये (मेव्हनच्या सेटिंग्जची फाइल) नवी आवृत्ती स्वतः लिहा, आणि ज्या मॉड्यूलमध्ये टेस्ट आहेत तिथे 'फेल-इफ-नो-टेस्ट्स' (एकही टेस्ट न सापडल्यास बिल्ड पाडणारं सेटिंग) चालू करा. क्लासचं नावही तपासा. नावाच्या सुरुवातीला 'टेस्ट', किंवा शेवटी 'टेस्ट', 'टेस्ट्स' वा 'टेस्टकेस' नसेल तर शुअरफायर तो क्लास गुपचूप वगळतं.

आता जेनकिन्सफाइल, म्हणजे जेनकिन्सने करायच्या पायऱ्या जिथे लिहितात ती फाइल. बिल्डच्या स्टेजमध्ये मेव्हनची 'क्लीन व्हेरिफाय' ही आज्ञा द्या. 'क्लीन' हवंच, नाहीतर मागच्या बिल्डचे रिपोर्ट फोल्डरमध्ये पडून राहतात. रिपोर्ट उचलणारी 'ज्युनिट' पायरी 'पोस्ट'मधल्या 'ऑलवेज' भागात (निकाल काहीही लागो, शेवटी चालणारा भाग) ठेवा आणि तिला टार्गेटमधल्या शुअरफायर-रिपोर्ट्स फोल्डरातल्या एक्सएमएल फाइली दाखवा. ती मेव्हनच्या खालीच लिहिली तर टेस्ट पडल्यावर तिथवर पोचणंच होत नाही, आणि रिपोर्ट नेमका तेव्हाच हवा असतो.

पडलेल्या टेस्टकडे दुर्लक्ष करायला सांगणारा 'टेस्ट-फेल्युअर-इग्नोर' हा पर्याय लावू नका. तो लावला की बिल्ड लाल न होता पिवळं, म्हणजे 'अनस्टेबल' होतं, आणि वेगळी सूचना दिली नसेल तर पाइपलाइन पुढच्या डिप्लॉय स्टेजला जाते. पडलेल्या टेस्टचा कोड सर्व्हरवर पोचतो! मेव्हनचं आउटपुट फाइलमध्येही लिहायला पाइपने 'टी' या कमांडकडे वळवलं तरी तोच धोका: शेल शेवटच्या कमांडचा निकाल धरतं, आणि 'टी' तर नेहमी यशस्वीच होते. लॉग जेनकिन्स ठेवतोच, पाइप काढून टाका.

लॅपटॉपवर चालणारी टेस्ट सर्व्हरवर पडते तेव्हा आधी घड्याळ बघा. सर्व्हर बहुधा यूटीसीवर असतो, भारतीय वेळेपेक्षा ५ तास ३० मिनिटं मागे. कोड 'एशिया-कोलकाता' झोनमधली तारीख घेत असेल आणि टेस्ट सर्व्हरची, तर आपल्याकडच्या मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंत दोन्हींत एका दिवसाचा फरक पडतो. रात्री २ वाजताचं बिल्ड नेमकं त्यात सापडतं, दुपारी तीच टेस्ट पास होते. उपाय एकच: कोडला 'क्लॉक' (जावातला वेळ सांगणारा क्लास) बाहेरून द्या आणि टेस्टमध्ये 'क्लॉक-फिक्स्ड' वापरून वेळ गोठवा.

खरा डेटाबेस लागणाऱ्या टेस्ट युनिट टेस्टमध्ये मिसळू नका. त्यांच्या नावाच्या शेवटी 'आयटी' (इंटिग्रेशन टेस्ट) लावा आणि पॉममध्ये त्या चालवणारं फेलसेफ प्लगिन जोडा. त्यांचा निकाल 'व्हेरिफाय' टप्प्यात तपासला जातो, म्हणूनच वर ती आज्ञा घेतली.

सगळं जोडून झालं की वेगळ्या ब्रँचवर एक असर्शन (टेस्टमधली अपेक्षित निकालाची तपासणी) मुद्दाम चुकीचं लिहा आणि पुश करा. बिल्ड लाल झालं, रिपोर्टमध्ये त्या टेस्टचं नाव दिसलं आणि डिप्लॉय स्टेज सुरूच झाली नाही, तरच जोडणी पक्की समजा.