सेपिया टोन देताना या चुका टाळा

सेपिया फिल्टर (जुन्या फोटोंसारखी तपकिरी छटा) लावल्यावर फोटो जुना दिसण्याऐवजी कावीळ झाल्यासारखा दिसतोय? मग दोष बहुधा छटेचा नाही, खालच्या फोटोचा आहे. पूर्वी डार्करूममध्ये, म्हणजे फोटो धुण्याच्या अंधाऱ्या खोलीत, आधी चांगली कृष्णधवल प्रिंट काढायचे. मग ती रसायनांत बुडवून तिच्यातल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड करायचे आणि त्यातून तपकिरी छटा यायची. जिथे चांदीच नाही, तो कागद पांढराच राहायचा. संगणकावरही हाच क्रम ठेवा.

सर्रास होणारी चूक म्हणजे रंगीत फोटोवर थेट तपकिरी थर चढवणं. खालचे रंग डोकावतात, पानं गढूळ दिसतात. म्हणून आधी फोटो कृष्णधवल करा, पण नुसतं सॅच्युरेशन (रंगांची तीव्रता) शून्यावर आणून नको. तसं केलं की लाल फूल आणि हिरवी पानं अनेकदा एकाच करड्या रंगात मिसळून जातात. फोटोशॉपमधल्या 'ब्लॅक अँड व्हाइट' ॲडजस्टमेंटमध्ये प्रत्येक रंगाचा उजळपणा वेगळा ठरवता येतो.

आता 'एका क्लिकचा' सेपिया. त्यामागे बऱ्याचदा एक ठरलेलं सूत्र असतं: नवा लाल = 0.393 × लाल + 0.769 × हिरवा + 0.189 × निळा. या तीन आकड्यांची बेरीज करून पाहा, 1.351 येते, म्हणजे एकापेक्षा जास्त! प्रत्येक रंगाचा आकडा 0 ते 255 असतो. परिणामी 189 किंवा त्याहून उजळ करड्या पिक्सेलमध्ये लाल रंग 255 वर जाऊन अडकतो. हिरव्याच्या अशाच सूत्रातली बेरीज 1.203, तो 212 पासून अडकतो. निळ्याची मात्र 0.937, त्यामुळे शुद्ध पांढऱ्याचा निळा 239 वर उतरतो. ढग आणि पांढरे कपडे सपाट, पिवळट का होतात ते इथे कळतं. एकदा फाइल सेव्ह केली की हा तपशील परत येत नाही. मूळ फाइलवर सेव्ह करू नका, हे वेगळं सांगायला नकोच.

यावर उपाय सोपा आहे. कृष्णधवल फोटोच्या वर तपकिरी रंगाचा लेयर घ्या, ब्लेंड मोड 'कलर' ठेवा (गिम्प या मोफत प्रोग्राममध्ये 'एचएसएल कलर') आणि ओपॅसिटी, म्हणजे लेयरची अपारदर्शकता, कमी करत न्या. पांढरं पांढरंच राहतं. फोटोशॉपच्या 'ह्यू/सॅच्युरेशन'मधलं 'कलराइझ' वापरणार असाल, तर ह्यू (रंगछटा) 30 ते 40 आणि सॅच्युरेशन 20 च्या आसपास ठेवून सुरुवात करा. माझ्या मते छटा आहे की नाही असा क्षणभर प्रश्न पडावा, इतकीच ती हवी.

रंग चढतच नसेल तर इमेज मोड पाहा. फाइल 'ग्रेस्केल' असेल तर तिच्यात रंगाला जागाच नसते. 'आरजीबी' करून घ्या. आकाशात पट्टे दिसत असतील तर जेपेगवर पुन्हा पुन्हा काम करण्याऐवजी रॉ फाइल (कॅमेऱ्याची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) 16 बिटमध्ये, म्हणजे छटांच्या जास्त बारीक पायऱ्यांत, उघडून सुरुवात करा.

स्क्रीनचा नाइट लाइट चालू ठेवून छटा ठरवू नका. स्क्रीन आधीच पिवळी असते, त्यामुळे तुम्ही रंग कमी धरता आणि सकाळी फोटो फिकट वाटतो.

खोटे ओरखडे आणि काळवंडलेल्या कडा? फोटोतल्या माणसाच्या हातात स्मार्टफोन असेल, तर त्यांच्या वाटेला जाऊ नका.

प्रिंट करड्या रंगाची आली, तर एडिटिंग पुन्हा करण्याआधी प्रिंटरच्या सेटिंगमध्ये 'ग्रेस्केल'वर टिक राहिली नाही ना, ते पाहा.