लोकलमध्ये आजारी मूल घेऊन कुणी चढलं, तर आपण काय करावं

माझ्या मुलाला साडेतीन वर्षांचा असताना नेफ्रॉटिक सिंड्रोम झाला. मूत्रपिंडाचा आजार. लघवीतून प्रथिनं निघून जातात आणि अंगावर सूज येते. स्टेरॉइड सुरू झाल्यावर त्याचे गाल आणखीच वर आले. तपासणीसाठी आम्ही डोंबिवलीहून परळला निघायचो, आणि डब्यात कुणीतरी हमखास त्याचा गाल ओढून म्हणायचं, "काय गुटगुटीत आहे हो! काय खायला घालता?" म्हणणारीच्या मनात प्रेमच असायचं. माझ्या पिशवीत मात्र त्याच्या सकाळच्या लघवीची डबी रुमालात गुंडाळून उभी ठेवलेली असायची. ती कलंडू नये म्हणून ठाण्यापर्यंत मी पिशवी पोटाशी घट्ट धरून उभी.

असे हेलपाटे आम्ही चार वर्षं घातले. मुलगा आता बरा आहे, कॉलेजला जातो. पण त्या चार वर्षांत गर्दीतल्या माणसांनी काय केलं की जीव हलका व्हायचा आणि काय केलं की डोळ्यांत पाणी यायचं, हे मला नीट आठवतं. रोज लोकलने जाणाऱ्यांसाठी ते इथे लिहिते आहे.

आधी ओळखायला शिका

परळला केईएम (1926), मुलांचं वाडिया (1929) आणि टाटा मेमोरियल (1941) ही तीन रुग्णालयं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. शीवला लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलला नायर, भायखळ्याजवळ जे. जे. रुग्णालय. म्हणजे मध्य, पश्चिम, हार्बर, कुठल्याही मार्गावर सकाळच्या गाडीत आजारी मूल असणारच. फक्त आपलं लक्ष मोबाइलमध्ये असतं.

खुणा साध्या असतात. एक्स-रेचा मोठा लिफाफा, कडा फाटलेली जाड फाइल, मुलाच्या हातावर चिकटपट्टीने बसवलेली सलाईनची सुई, मे महिन्यात अंगावर शाल. कधी फक्त एवढंच, की चार वर्षांचं मूल खिडकीबाहेर बघतच नाही.

मास्क घातलेलं, डोक्यावर केस नसलेलं मूल दिसलं की काही जण अंग चोरून बाजूला सरकतात. खरं तर उलटं आहे. कर्करोगाच्या औषधांनी त्या मुलाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते. मास्क असतो तो आपल्यापासून त्याला जपण्यासाठी. तुम्हाला सर्दी-खोकला असेल तर लांब तुम्ही उभं राहा, तोंडावर रुमाल धरा, आणि हे करताना तोंड वाकडं करू नका. मूल बघत असतं.

आणि कितीतरी आजार दिसतच नाहीत. थॅलेसेमियाच्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. जाताना ते जरा फिकट आणि थकलेलं दिसतं, बस. हृदयाचा आजार, फिट्स, मधुमेह यांचंही तसंच. म्हणून "दिसायला तर धडधाकट आहे" हे मनातसुद्धा आणू नका. आई सीट मागते आहे, एवढं पुरे.

जागा द्या, पण विचारत बसू नका

"बसायचंय का?" असं विचारलं की दहातले आठ आईबाप "नको, राहू दे" म्हणतात. मीही म्हणायचे. संकोच वाटतो, उपकार घेतल्यासारखं वाटतं. म्हणून विचारू नका. उठा, तिच्याकडे बघा आणि "ताई, इथे या" म्हणा. ती पोचेपर्यंत त्या जागेसमोरून हलू नका. नाहीतर मधल्या मधे दुसरंच कुणी बसतं आणि मग तिला वादात पडावं लागतं.

चौथी सीट, म्हणजे तिघांच्या बाकावर कडेला कसंबसं टेकायची जागा, देऊन भागत नाही. अर्ध्या मांडीवर तोल सांभाळत बसलेल्या बाईला मूल धरता येत नाही. चौथीवर तुम्ही असाल तर तिसरीवरच्याला उठवा किंवा आत सरकायला सांगा, आणि तिला आत घ्या. खिडकी मात्र विचारून द्या. मळमळणाऱ्या मुलाला वारा हवा असतो, तापाने कुडकुडणाऱ्याला नको असतो. डोक्यावरच्या पंख्याचंही तेच.

तुम्हाला स्वतःला उभं राहणं जमत नसेल, गुडघे दुखत असतील, दिवस गेले असतील, तर आवाज द्या. "ओ दादा, आजारी लेकरू आहे, जरा जागा करा." आईच्या तोंडून हे निघत नाही, तुमच्या तोंडून निघतं. मुंबईच्या डब्यात एका वाक्याने अख्खं बाक सरकतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. आणि "कुठे उतरणार?" विचारून तुम्ही कुणाची सीट आधीच ठरवून ठेवली असेल, तर ती तिच्यासाठी सोडा.

मूल स्वतःच्या मांडीवर घ्यायला हात पुढे करू नका. आजारी मूल परक्याकडे जात नाही, आणि आईलाही त्याला कुठे कळ लागेल याची धास्ती असते. पिशवी मागा. "पिशवी द्या, तुमच्यासमोरच धरते." ती रॅकवर टाकू नका. तिच्यात बर्फात ठेवलेलं इंजेक्शन असू शकतं, नमुन्याची डबी असू शकते.

"काय झालंय याला?" हा प्रश्न गिळा

सगळ्यात जास्त हेच दुखतं, म्हणून यावर थोडं थांबते.

मुलगा पाच वर्षांचा होता. समोरच्या बाईंनी आजार विचारला. सकाळची वेळ, मीही थकलेली, सांगून टाकला. त्या हळहळल्या आणि म्हणाल्या, "बरा होतो का हा यातून?" मी काहीतरी उत्तर दिलं. गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, आवाज वाढला, आणि त्या आवाजात मुलाने माझ्या कानाला तोंड लावून विचारलं, "आई, मी बरा होणार ना?" तोवर त्याला हा प्रश्न पडलाच नव्हता. मुलं खिडकीकडे तोंड करून बसलेली असली तरी कान आपल्याकडेच असतात.

म्हणून आजाराचं नाव, खर्च, "कधीपासून", "घरात आणखी कुणाला आहे का", "जन्मतःच का" यातलं काहीही मुलादेखत विचारू नका. "गरोदरपणात काही झालं होतं का?" हा तर आईच्या काळजात सुरी फिरवणारा प्रश्न आहे. ती रोज रात्री तोच स्वतःला विचारत असते. "आमच्या शेजारच्या मुलालाही अस्संच झालं होतं" अशी सुरुवातही नको. त्या गोष्टीचा शेवट काय, याच भीतीने ती ऐकत राहते. नजर, नवस, गुळवेल, अमुक गावचे वैद्य, हेही डब्यात नको. तिच्याकडे सल्ल्यांची रास आधीच पडलेली असते.

मग बोलायचं काय? "परळला उतरायचं का? अजून चार स्टेशनं आहेत, मी सांगते तुम्हाला." एवढ्याने तिचा अर्धा ताण उतरतो, कारण मूल सांभाळता सांभाळता स्टेशन मोजणं हे वेगळंच काम असतं. मुलाशी बोलायचं तर त्याच्या बुटांवर बोला, खिडकीतल्या बगळ्यांवर बोला, समोरून येणाऱ्या गाडीचे डबे मोजा. आजारावर त्याच्याशी डॉक्टर बोलतातच. आईने स्वतःहून बोलायला सुरुवात केली तर ऐका. मधे तोडू नका.

खाऊ देऊ नका

पर्समधली गोळी, वेफर्सचं पाकीट, बिस्किटाचा पुडा पुढे होतो तो मायेनेच. माझ्या मुलाला मीठ कमी होतं. समोर वेफर्स आले की तो माझ्याकडे बघायचा, मी मान हलवायची, आणि उरलेला सगळा प्रवास रडण्यात जायचा. स्टेरॉइडने भूकही राक्षसासारखी लागते, तेव्हा ते रडणं खोटं नसतं. भूल देऊन तपासणी असेल तर मुलाला उपाशीपोटी न्यावं लागतं, आणि एका बिस्किटाने त्या दिवसाची तारीख जाते. पुढची मिळेपर्यंत पुन्हा सुट्टी, पुन्हा प्रवास. द्यायचंच असेल तर मुलाला दिसणार नाही अशा बेताने आईला खुणेने विचारा. तिने मान हलवली की पाकीट पर्समध्ये परत.

उलटी झाली, मूल किंचाळायला लागलं

एकदा लेडीज डब्यात, घाटकोपर जवळ येत असताना, मुलाला जोराची उलटी येऊ लागली. शेजारी एक मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. त्यांनी निवडलेली मेथी पटकन पदरात घेतली आणि रिकामी झालेली प्लॅस्टिकची पिशवी त्याच्या तोंडासमोर धरली. दुसऱ्या हाताने त्याचं कपाळ धरलं, घरचं मूल असल्यासारखं. पलीकडून कुणीतरी पाण्याची बाटली दिली, कुणी वर्तमानपत्र खाली अंथरलं. माझ्याशी कुणी एक शब्द बोललं नाही, आणि मला तेच हवं होतं. मी सारखी "सॉरी, सॉरी" म्हणत होते. मावशी फक्त "असू दे गं" म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडू लागल्या.

करायचं ते हेच. पिशवी, पाणी, कागद, आणि नाकाला पदर न लावणं. बॅगेत एक रिकामी पिशवी घडी करून ठेवायला काहीच जड नाही.

मूल रडत असेल तर "गप्प करा हो त्याला" म्हणू नका, दटावून बघू नका. सुया टोचून परत निघालेलं मूल आहे ते.

फिट आली तर

तापात लहान मुलांना, साधारण 6 महिने ते 5 वर्षांपर्यंत, फिट येऊ शकते. बघायला भयंकर वाटते, पण बहुतेक वेळा काही मिनिटांत थांबते. मुलाला बाकावर किंवा खाली कुशीवर झोपवा, म्हणजे लाळ आणि उलटी बाहेर येईल. गळ्याजवळचे कपडे सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, काहीही घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका, त्याने फिट थांबत नाही. एकाने घड्याळ बघावं. 5 मिनिटांहून जास्त चालली, किंवा थांबून लगेच पुन्हा आली, तर रुग्णवाहिकेसाठी 108. रेल्वेची मदत 139 वर मिळते. दोन स्थानकांच्या मधेच साखळी ओढली तर गाडी रुळांवर अडकते आणि मदत आणखी लांब जाते. स्टेशन आलं की एकाने धावत जाऊन स्टेशन मास्तरांना गाठावं. बाकीच्यांनी मागे सरून हवा येऊ द्यावी. मोबाइलवर चित्रण करणाऱ्याचा हात खाली करा, त्यात भीड बाळगू नका.

एकट्या बापाकडे विशेष लक्ष द्या

आईबरोबर बारा वर्षांखालचा मुलगा लेडीज डब्यात चालतो. बाप मात्र पाच वर्षांच्या आजारी मुलीला घेऊन निघाला तरी त्याला जनरल डबाच. तिथल्या रेट्यात एका हातात मुलगी, एका हातात फाइल. अशा बापांकडे कुणी बघत नाही, आणि मुलगी रडायला लागली की संशयाने मात्र बघतात. माझे यजमान दोन वेळा एकटे गेले होते. परत आल्यावर म्हणाले, "कुणीतरी नुसतं 'दादा, इकडे टेका' म्हणायला हवं होतं." दाराजवळ उभे असाल तर त्याला आतल्या बाजूला घ्या आणि तुमचं अंग गर्दीकडे करा.

बाहेरगावच्यांना डबा सांगा, स्टेशन सांगा

विदर्भातून, मराठवाड्यातून, बिहार-बंगालमधून मुलाला घेऊन आलेल्यांना फास्ट-स्लो कळत नाही. परळला स्लो गाडी थांबते. फास्टमध्ये बसले असतील तर दादरला बदलायला सांगा. पश्चिम मार्गावरून येणाऱ्यांना प्रभादेवी, तिथून पुलाने पलीकडे परळ. दिव्यांगांच्या डब्यातून कर्करोगाच्या रुग्णांनाही जाता येतं, हे अनेकांना माहीत नसतं. प्लॅटफॉर्मवर तो डबा कुठे येतो ते दाखवा. आणि हक्क नसताना आपण त्या डब्यात चढू नये.

बसमध्ये हे सगळं सोपं आहे. मूल घेतलेली बाई बसेपर्यंत गाडी हलवू नका, एवढं कंडक्टरला मोठ्याने सांगा. मेट्रो स्टेशनवर लिफ्ट त्यांना द्या, आपण जिन्याने जा.

उतरताना

खरी परीक्षा इथे असते, कारण गाडी काही सेकंदच थांबते. दोन स्टेशनं आधीच "परळ ना? चला, उठा" म्हणा आणि कुठल्या बाजूला प्लॅटफॉर्म येतो ते सांगा. दारातल्यांना "आजारी मूल उतरतंय, वाट द्या" हे तुम्ही सांगा. तुम्हालाही तिथेच उतरायचं असेल तर पिशवी घेऊन आधी तुम्ही उतरा आणि खालून हात द्या. गाडी आणि फलाटातली फट मूल कडेवर असताना दिसत नाही. नसेल उतरायचं तर दारातूनच पिशवी हातात द्या, चालत्या गाडीत पुन्हा चढण्याच्या भानगडीत पडू नका.

आणि ती उठली की सीटखाली एकदा वाकून बघा. फाइल, बाटली, टोपी, चप्पल. झोपलेल्या मुलाच्या पायातली चप्पल फार वेळा खाली राहते. आमची एक निळी चप्पल अशीच सीएसएमटीला गेली, आणि परळचा पूल मी त्याला कडेवर घेऊनच चढले.