पॉनमधले रिपीट टायमर: कॉट रिकामी झाली, डबा बंद केलात का?

सॅम्पच्या (जीटीए सॅन अँड्रियास ऑनलाइन खेळायचा मॉड) सर्व्हरसाठी पॉन या स्क्रिप्टिंग भाषेत लिहायला बसलात म्हणजे अॅरे आणि कॉलबॅक तुम्हाला येतात, असं धरून चालतो. टायमरचं फंक्शन पब्लिक हवं आणि वर त्याचं फॉरवर्ड हवं. टायमर लावणाऱ्या सेटटायमरला फंक्शनचं नाव स्ट्रिंग म्हणून जातं, त्यामुळे स्पेलिंग चुकलं तरी कंपायलर चकार शब्द काढत नाही, टायमर नुसता चालत नाही. हा त्रास दहा मिनिटांचा. रात्री खातो तो दुसराच.

समजा दर मिनिटाला, म्हणजे 60000 मिलिसेकंदांनी, प्रत्येक खेळाडूला 100 डॉलर पगार द्यायचाय. नवखा माणूस सेटटायमरएक्स (सेटटायमरच, पण फंक्शनला खेळाडूचा आयडीही देता येतो) लिहितो ऑनप्लेयरस्पॉनमध्ये, म्हणजे खेळाडू स्पॉन झाला, खेळात उतरला की चालणाऱ्या कॉलबॅकमध्ये. पण खेळाडू मेला की पुन्हा स्पॉन होतो, आणि दर स्पॉनला नवा टायमर लागतो. तीनदा मेला की चार टायमर, मिनिटाला 400 डॉलर. सेटटायमरएक्स दर वेळी टायमरचा आयडी परत देतो आणि तो तुम्ही अॅरेत खेळाडूच्या जागी ठेवता; तिथे मात्र शेवटच्याच टायमरचा आयडी उरलेला असतो. आधीचे तीन थांबवायचे तर किलटायमरला आकडा कुठला देणार? तो पुसला गेला.

आता मुख्य सापळा. हा नीट वाचा, दोनदा वाचा. प्लेयर आयडी म्हणजे माणूस नव्हे, ती जागा आहे. सदाशिव पेठेतली कॉट बेसिसची खोली डोळ्यासमोर आणा. 7 नंबरच्या कॉटवरचा मुलगा खोली सोडून गेला, पण मेसचा डबा बंद करायला विसरला. डबेवाल्याला नाव माहीत नाही, कॉट नंबर माहीत आहे. चार दिवसांनी नवा मुलगा 7 नंबरवर आला, त्यानं स्वतःचा डबा लावला. आता त्या कॉटवर रोज दोन डबे. सर्व्हरही रिकामी झालेली जागा पुढच्याला देतो, आणि जुना टायमर 7 हा आकडा घेऊन चालूच असतो.

इथे कुणीतरी सांगतं, टायमरच्या फंक्शनमध्ये इजप्लेयरकनेक्टेड तपास, झालं. नाही झालं. त्यानं रिकाम्या कॉटवर डबा टाकणं थांबतं; कॉटवर कुणीतरी आहे म्हटल्यावर तपासणी पास होते आणि डबा चुकीच्या माणसाला जातो. "रात्री सर्व्हर रिस्टार्ट कर, सगळं साफ होतं" असं सांगणाऱ्या सीनियरकडून तर टायमर शिकूच नका.

बरोबर रीत अवघड नाही, घाबरू नका. टायमरचे आयडी 1 पासून सुरू होतात, म्हणून अॅरेत 0 म्हणजे "टायमर नाही" असं पक्कं ठरवा. लावण्याआधी बघा: 0 नसेल तर नवा लावायचा नाही. ऑनप्लेयरडिस्कनेक्टमध्ये किलटायमर, आणि लगेच खालच्याच ओळीत अॅरेत 0. ही दुसरी ओळ राहिली की उलटा घोळ होतो: टायमर मेलेला, अॅरेत जुना आकडा, आणि त्या जागेवर येणाऱ्या पुढच्या खेळाडूला पगार कधीच सुरू होत नाही. एकदाच चालणारा टायमर असेल तर त्याच्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत 0 लिहा, कारण तो आपला आपण संपलेला असतो.

सगळ्यांना एकाच वेळी पगार चालत असेल, तर माझं स्पष्ट मत: खेळाडूमागे टायमर नकोच. एकच टायमर लावा आणि त्यात सगळ्या खेळाडूंवर लूप फिरवा. वाय-टायमर्स या लायब्ररीतला पीटास्क खेळाडू आला-गेला की टायमर आपोआप लावतो-काढतो, चांगला आहे. पण आधी एकदा हातानं लिहा. पुढे नोकरीत जावास्क्रिप्टचं सेटइंटरव्हल समोर आलं, तरी आयडी जपून ठेवायचं काम तेच असतं.

टायमर अगदी काट्यावर चालत नाहीत. बंदी, शिक्षा असल्या गोष्टींची मुदत फेऱ्या मोजून ठरवू नका, गेटटाइमचे (सध्याच्या वेळेचे) सेकंद साठवून वजाबाकी करा.

तपासायला 60000 चे तात्पुरते 2000 करा, फंक्शनमध्ये प्रिंटफ टाका आणि सर्व्हरवर एकटेच जा, म्हणजे दर वेळी आयडी 0 च मिळेल. तीनदा मरा: दर दोन सेकंदांना लॉगमध्ये एकच ओळ यायला हवी. बाहेर पडा: ओळी थांबायला हव्यात. परत या. दोन ओळी आल्या तर जुना टायमर किल झालेला नाही. एकही आली नाही तर 0 लिहायचं राहिलंय.